लाल ठिपक्याची पेटी

कॉन्सर्टिना या वाद्याबद्दल मला आज जे काही कळतं ते एका खोट्यामुळे. ते खोटं मी माझ्या मुलीशी बोललो, फोनवर, अवघ्या दोन शब्दांत: "दुरुस्तीला दिलीय." माणसं यापेक्षा मोठं खोटं बोलतात आणि त्यांचं काही बिघडत नाही. माझ्या दोन शब्दांनी मात्र घरात पाच कॉन्सर्टिना आणल्या आणि माझी इभ्रत नॉटिंगहॅमबाहेरच्या एका खेड्यातल्या हॉलपर्यंत नेली.

कॉन्सर्टिना म्हणजे दोन हातांत मावणारी सहा कोनांची पेटी. मध्ये भाता, दोन्ही टोकांना बारीक बटणं. माझ्या बायकोकडे, नंदाकडे, अशी एक होती. आमची खरी पेटी, म्हणजे बाजाची, तिच्या मनगटांना पेलेनाशी झाली तेव्हा तिने ही कार बूट सेलमध्ये, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजारात, घेतली आणि स्वतःच शिकली. लेस्टरच्या मंडळाच्या गणपतीत आठ वर्षं ती त्यावर आरत्या वाजवत होती. मी गाडी चालवायचो आणि मागच्या खुर्चीवर बसायचो. वाद्याशी माझा संबंध एवढाच.

नंदा २००५च्या फेब्रुवारीत गेली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, मला ते जमणार नाही.

आमच्यापासून तीन घरं सोडून मीनाक्षीताई राहतात. तीस वर्षं नॉटिंगहॅममध्ये आहेत आणि सल्ला द्यायला त्यांना बोलवावं लागत नाही. तेराव्याच्या आधीच त्या म्हणाल्या, "उदयराव, तिच्या वस्तू धरून बसू नका. जीव अडकतो."

"कुणाचा?"

"दोघांचाही. चॅरिटी शॉपला देऊन टाका. आणि पावती घ्या."

मी अकरा पिशव्या भरल्या. कपाटाच्या तळाशी सहा कोनांचा एक चामड्याचा डबा होता. मला वाटलं, बांगड्यांचा असेल. उघडून पाहिला नाही, कारण त्या दिवसांत मी काहीच उघडून पाहत नव्हतो. लेस्टरला नेताना ती पेटी कापडी पिशवीत असायची. घरी ती कशात राहते हे मला माहीत नव्हतं. पस्तीस वर्षं एका घरात राहून माहीत नसलेल्या गोष्टींची यादी मी नंतर करायला घेतली होती. ती अर्धवट सोडून दिली.

मे महिन्यात कस्तुरीचा फोन आला. कस्तुरी आमची एकुलती एक. जन्म इथला, नोकरी लंडनच्या एअरपोर्टवर, घर जवळच हाउन्सलोला.

"बाबा, मला आईचा ती छोटी पेटी पाहिजे. दिवाळीला आले की घेऊन जाईन. बाकी काही नको. साड्या नको, गोल्ड नको. फक्त पेटी."

मी कपाट उघडलं. तळाकडे पाहिलं. सहा कोनांचा तो डबा डोळ्यांसमोर आला आणि तेव्हाच तो काय होता ते कळलं.

"बाबा? आर यू देअर?"

"दुरुस्तीला दिलीय," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मी चॅरिटी शॉपच्या दारात उभा होतो. शॉप दहाला उघडतं. काउंटरवरच्या बाईंना ती आठवत होती. "हो, हो, ती स्क्वीझबॉक्स! शेल्फवर ठेवून दोन मिनिटं नव्हती झाली. एका दाढीवाल्या गृहस्थांनी नेली. उरलेली मोडही घेतली नाही."

"त्यांचं नाव?"

"असतं तरी सांगता आलं नसतं. डेटा प्रोटेक्शन."

"पण ती माझी आहे."

"तुमची होती, डार्लिंग," बाई अतिशय मायेने म्हणाल्या आणि त्यांनी मला एक फॉर्म दिला. फॉर्म हरवलेल्या वस्तूंचा होता. दान केलेली वस्तू परत मागणाऱ्यांसाठी वेगळा फॉर्म नाही, कारण तसं कोणी करत नाही. वस्तूचं वर्णन: सहा कोनी. रंग: काळा. ओळखीची खूण: मी खूप विचार केला आणि "नाही" असं लिहिलं. आज त्या "नाही"ची मला लाज वाटते, पण ते पुढे येईल.

मार्ग काढला संजयने. संजय पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, आमच्या समोर भाड्याने राहतो. "काका, सिंपल आहे. ईबेवर सेम टू सेम घेऊन टाकू. कस्तुरीला काय कळणार?"

मला हे पटायला नको होतं. लगेच पटलं.

आठवड्यात पार्सल आलं. लाल रंगाची, वीस बटणांची. संजय, मीनाक्षीताई आणि मी असे तिघं टेबलाभोवती बसलो. मी एक बटण दाबून भाता मिटला. एक सूर आला. तेच बटण दाबून भाता उघडला. दुसराच सूर.

"डिफेक्टिव्ह पीस आहे," संजय म्हणाला. "रिटर्न करा."

"माणसासारखी आहे," मीनाक्षीताई म्हणाल्या. "जाताना एक बोलते, येताना दुसरं."

नंदाची तशी नव्हती हे मला पक्कं आठवत होतं. ती एकदा गाडीत म्हणाली होती, "अहो, ही बरी आहे. दाबा नाहीतर ओढा, तेच बोलते. तुमच्यासारखं नाही." म्हणून मी विकणाऱ्या बाईंना कडक भाषेत ईमेल लिहिला. त्यांचं उत्तर दोन पानी आणि इतकं सभ्य होतं की मला घाम फुटला. बाईंचं नाव डोरीन. त्यांनी लिहिलं होतं की वाद्यात काहीही बिघाड नाही, या जातीला अँग्लो म्हणतात, अँग्लोला दोन्ही दिशांना वेगवेगळेच सूर असतात. मला ज्या जातीची आठवण आहे ती इंग्लिश असावी. त्या स्वतः एका कॉन्सर्टिना मंडळाच्या सेक्रेटरी आहेत, दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी सभा असते, यावं. केक मिळेल.

मी गेलो तो दाढीवाला शोधायला. हॉलमध्ये एकवीस पुरुष होते. त्यातले अठरा दाढीवाले.

आता या मंडळींबद्दल मला मनापासून चांगलं बोलायचं आहे. मी हॉस्पिटलमध्ये तीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली. डॉक्टर लोक यंत्राकडे बघतात तेव्हा त्यांना आकडा दिसतो. या लोकांना यंत्र दिसत होतं. क्लिफर्ड म्हणून एक निवृत्त भूगोल शिक्षक होते, दाढी छातीपर्यंत. त्यांनी माझ्यासमोर एका कॉन्सर्टिनाचं टोक सहा स्क्रू काढून उघडलं. आत पितळेच्या छोट्या चौकटींत बसवलेल्या पोलादी पट्ट्या, गोलाकार मांडलेल्या, सर्वांत लहान माझ्या नखाएवढी. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी प्रत्येक पट्टी कानशीने घासून सुरात आणली होती. मी तीस वर्षांत एवढं स्वच्छ काम पाहिलं नव्हतं. मी तसं म्हणालो. क्लिफर्डने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मला दुसरा केक दिला.

तिथे जाती तीन. अँग्लोचं सांगितलंच. दुसरी ड्युएट: खालचे सूर डाव्या हाताला, वरचे उजव्याला, एकाच घरात दोन वेगळ्या चुली असाव्यात तशी. तिसरी इंग्लिश. तिच्यात सरगम दोन्ही हातांत वाटलेली असते. एक सूर डाव्या हाताला, पुढचा उजव्याला, त्यापुढचा परत डाव्याला. एका हाताने साधी आरतीसुद्धा पुरी होत नाही. हे ऐकल्यावर मी बाहेर जाऊन थोडा वेळ गाडीत बसलो. मग परत आत आलो.

या तिन्ही जातींच्या लोकांचं आपसांत पटत नाही. अँग्लोवाले म्हणतात इंग्लिशवाल्यांना ताल नाही. इंग्लिशवाले म्हणतात अँग्लोवाल्यांना तालाशिवाय काही नाही. ड्युएटवाले चारच आहेत, ते कोपऱ्यात बसतात आणि दोघांची कीव करतात. तरीही स्वॅपच्या टेबलाशी सगळे एकत्र येतात. नियम एकच: टेबलावर पैसे काढायचे नाहीत. वाद्याच्या बदल्यात वाद्य. फार झालं तर दुरुस्तीच्या बदल्यात वाद्य. मी नकळत एकदा पाकीट काढलं, तर डोरीनबाईंनी ते माझ्या हातातून घेऊन माझ्याच खिशात ठेवलं.

माझं नशीब तिथे उघडलं. मला वाजवता येत नव्हतं पण भात्याची गळती काढता येत होती. मी एकाची गळती काढली, त्याने एक बंद पडलेली अँग्लो दिली. ती चालू केली, ती देऊन एक मोठी मिळाली. दोन झडपा बदलून दिल्या, कोपऱ्यातल्या चौघांपैकी एकाने ड्युएट दिली आणि माझ्याकडे आशेने पाहिलं. सप्टेंबरपर्यंत जेवणाच्या टेबलावर पाच कॉन्सर्टिना होत्या आणि मी उभ्याने जेवत होतो. पाचांत इंग्लिश एकच, तीही तपकिरी, नंदाच्या पेटीहून मोठी.

दर रविवारी कस्तुरीचा फोन. "बाबा, पेटी झाला का?"

"एक पार्ट यायचाय."

"अजून? बाबा, इट्स नॉट अ जंबो जेट."

शेवटी सौदा ठरला. अल्बर्ट नावाच्या सभासदाकडे काळी, अठ्ठेचाळीस बटणांची इंग्लिश होती, नंदाच्या पेटीसारखी दिसणारी. माझी ड्युएट घेऊन तो ती देणार होता. ऑक्टोबरच्या सभेत. दिवाळीपूर्वीची ती शेवटची सभा, म्हणजे माझी शेवटची संधी.

त्या सभेच्या चार दिवस आधी खंडेनवमी आली.

खंडेनवमीला नंदा घरातलं कामाचं प्रत्येक साधन पुसून हळद-कुंकू लावायची. माझे स्क्रूड्रायव्हर, शिलाईचं मशीन, दोन्ही पेट्या, गाडी, केर ओढायचं हूव्हर. मी तोपर्यंत पेपर वाचायचो. या वर्षी मी ठरवलं की आपण करायचं. घरात पाच वाद्यं असताना न करणं बरं दिसलं नसतं. पाचही टेबलावर ओळीने मांडली, लेस्टरहून आणलेली झेंडूची फुलं वाहिली. कुंकू कशात कालवतात हे आठवेना. मी खोबरेल घेतलं. नॉटिंगहॅमच्या थंडीत खोबरेल दगड असतं, म्हणून मायक्रोवेव्हमध्ये पातळ केलं.

ड्युएटवर ठिपका छान बसला. मोठ्या दोघींवरही. तपकिरीवर थोडा पसरला. लाल अँग्लोपाशी पोचेपर्यंत वाटी डुचमळली आणि कुंकू ओघळून भात्याच्या घड्यांमध्ये शिरलं.

मीनाक्षीताई सोनं म्हणून आपट्याऐवजी कसलीशी इंग्लिश पानं द्यायला दसऱ्याला आल्या, आणि दारातच थांबल्या. "उदयराव, कुंकू पाण्यात कालवतात हो. हे काय ऑपरेशन केलंत?"

संजय म्हणाला, "काका, व्हाइट स्पिरिट लावा." लावलं. लाल अँग्लोवरचा डाग तिप्पट झाला. बाकीच्यांना मी हात लावला नाही.

शनिवारी मी पाचही वाद्यं खोक्यांत घालून नेली, ड्युएट अल्बर्टसमोर ठेवली आणि माफी मागायला तोंड उघडलं. अल्बर्टने ठिपका पाहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, सौदा मोडला.

"क्लिफर्ड!" तो ओरडला. "क्लिफर्ड, इकडे ये! याच्याकडे आहे!"

क्लिफर्ड आले. वाकले. भिंग काढलं. मग बाकीच्या चार खोक्यांकडे बोट करून त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "त्यांच्यावरही?"

"हो," मी म्हणालो. "सॉरी."

"सॉरी?" क्लिफर्ड म्हणाले. त्यांनी माझा हात धरला आणि सोडेनात. त्यांच्या तोंडी उदयचा युडे झाला होता. "युडे, माझ्या भाषणापर्यंत एक शब्द बोलू नकोस. कोणाला काही देऊ नकोस. पहिल्या रांगेत बस."

मंडळाच्या पत्रिकेत दर अंकात कारखान्यांच्या खुणांची एक यादी असते: कोणी नाव कोरायचं, कोणी आकडा. यादीत तळाला एक ओळ होती: "लाल ठिपका. कारखाना अज्ञात. संशोधन: क्लिफर्ड." ती मी वाचली होती. माझ्या डोक्यात काही आलं नव्हतं. त्या दिवशी क्लिफर्ड त्या संशोधनावरच बोलणार होते.

पडदे ओढले, प्रोजेक्टर सुरू झाला. क्लिफर्ड म्हणाले की वसंत ऋतूत त्यांना एका चॅरिटी शॉपमध्ये एक असामान्य वाद्य सापडलं. अंगठ्याच्या पट्ट्याशेजारी लाल ठिपका. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर एकावर एक आठ थर, सगळे एकाच बोटाचे, दर वेळी जागच्या जागी. त्यांचा अंदाज असा की लंडनमधल्या एखाद्या विसरल्या गेलेल्या कारखान्यात फार काटेकोर तपासनीस असावा आणि वाद्य पास केलं की तो ठिपका लावत असावा. "आठ वेळा तपासलेलं दुसरं वाद्य जगात नाही," ते म्हणाले. "आणि आज इथे, या हॉलमध्ये, त्याच कारखान्याची आणखी पाच वाद्यं आहेत."

सगळे माझ्याकडे वळले. टाळ्या पडल्या.

मी पडद्याकडे बघत होतो. ठिपका ताटाएवढा दिसत होता. कडेला करंगळीशेजारच्या बोटाची रेष होती. ओळखीची खूण, नाही, असं मी लिहून दिलं होतं.

खरं सांगतो, एक मिनिट मी गप्प बसलो. मी काही बोललो नसतो तर क्लिफर्डने पाचांच्या बदल्यात ती पेटी मला आनंदाने दिली असती. ते संशोधक म्हणून राहिले असते आणि मी दिवाळीला सुटलो असतो. मी तसं करणारही होतो. पण "एकाच बोटाचे" हे त्यांनी सात महिने खपून शोधलं होतं आणि ते खरं होतं. त्या बोटाला कारखान्याचं नाव लागलेलं मला बघवेना.

मी उभा राहिलो. "तो तपासनीस माझी बायको आहे," मी म्हणालो.

मग मी सांगितलं. कुंकू काय, खंडेनवमी काय, आठ वर्षं म्हणजे आठ थर. की जे आपल्यासाठी काम करतं त्याला वर्षातून एक दिवस काम द्यायचं नाही, हात जोडायचे. की माझ्या पाचांवरचे ठिपके परवाचे आहेत आणि बहुधा अजून ओले असतील. अल्बर्टने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. लाल होता. फेब्रुवारीपासून मी नंदाबद्दल सलग दोन वाक्यं कोणाशी बोललो नव्हतो. तिथे वीस मिनिटं बोललो, तेही इंग्लिशमध्ये.

डोरीनबाईंनी हात वर केला. "म्हणजे ती घरातल्या सगळ्या वस्तूंना लावायची?"

"सगळ्या."

"हूव्हरला?"

"हूव्हरला. गाडीला."

"आणि तुम्हाला?"

"सगळ्यात शेवटी," मी म्हणालो. "म्हणायची, तुम्हीही चालता, तेवढं पुरे."

आधी हशा झाला. मग तो थांबला. क्लिफर्डने प्रोजेक्टर बंद केला, आतल्या खोलीत गेले आणि सहा कोनांचा तो चामड्याचा डबा घेऊन आले. त्यांचा चेहरा मला बघवत नव्हता. मी नको नको म्हणत असताना त्यांनी तो स्वॅपच्या टेबलावर ठेवला.

"इथे फुकट काही मिळत नाही, युडे," ते खडसावून म्हणाले. "तुझी वाद्यं मांड."

मी पाचही मांडली. ड्युएट पुढे सरकवली, ती सर्वांत भारी. क्लिफर्डने ती बाजूला सारली. एकेक उचलून, भिंगातून बघून, त्यांनी लाल अँग्लो निवडली. वीस बटणांची, ईबेची, भाताभर डाग पडलेली.

"ही," ते म्हणाले. "हिचा तपासनीस नवशिका आहे. माझ्याकडे असा नमुना नाही."

घरी आल्यावर मी कुंकू पाण्यात कालवलं आणि नंदाच्या पेटीला नववा ठिपका लावला. चार दिवस उशिरा, जरासा वाकडा.

दिवाळीला कस्तुरी आली. पाडव्याच्या सकाळी मी डबा तिच्यापुढे ठेवला. तिने पेटी काढली, दोन्ही पट्ट्यांत अंगठे घातले, एक सूर दाबून भाता उघडला आणि मिटला. तोच सूर. मग तिने पेटी सगळीकडून पाहिली.

"काय रिपेअर केलं, बाबा?"

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. ती मध्ये एकदाच बोलली. "तुम्ही आईचा पेटी चॅरिटी शॉपला दिला?"

"हो."

"आणि परत आणला?"

"हो."

तिने ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा वरचा तुमचा. कळतंय. क्रुकेड आहे." मग म्हणाली, "पेटी मी नेणार. पण दर खंडेनवमीला घेऊन येणार. तुम्ही लावायचं नाही. तुम्ही मागे खुर्चीवर बसायचं."

पाडव्याला तिने मला ओवाळलं. नंदा ओवाळायची तेव्हा ही शेजारी उभी असायची, त्यामुळे तिला सगळं येत होतं. कुंकू लावलं. मान वाकडी करून बघितलं. "चालता ना अजून?"

"चालतो."

दुपारी क्लिफर्ड फराळाला आले. मीच बोलावलं होतं. त्यांनी चकली हातात घेऊन तिचे वेढे मोजले, मग पिशवीतून पत्रिकेचा नवा अंक काढला आणि खुणांच्या यादीचं पान कस्तुरीपुढे धरलं. तळाची ओळ बदलली होती. कस्तुरीने मोठ्याने वाचली: "लाल ठिपका. नंदा खांबेटे, नॉटिंगहॅम. १९९७ ते २००४. अत्यंत काटेकोर."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू केल्याचा आवाज आला.

क्लिफर्डने सवयीने भिंग काढलं आणि काय बघावं ते न कळून इकडे तिकडे पाहिलं. मग त्यांची नजर माझ्या कपाळावर थांबली. ते पुढे वाकले.

"ओरिजिनल?"

"ओरिजिनल," मी म्हणालो. "स्वॅपला नाही."